घटक ४ : समृद्धीचे माप – जे. सी. कुमारप्पा यांचे जीवन आणि अर्थविचार

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :
• जे. सी. कुमारप्पा यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• उत्पन्नवाढ आणि समृद्धी यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• कुमारप्पांच्या अर्थविचाराचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा यांची चर्चा करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, एखादा देश समृद्ध आहे हे आपण कशावरून ठरवतो? वृत्तपत्रांतील बातम्या आणि अर्थसंकल्पावरील चर्चा यांतून या प्रश्नाचे एकच उत्तर वारंवार कानी पडते : राष्ट्रीय उत्पन्न वाढले की देशाची समृद्धी वाढली. हे माप फार जुने नाही. सायमन कुझ्नेट्स या अर्थशास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये अमेरिकेच्या सिनेटला तेथील राष्ट्रीय उत्पन्नाचा सविस्तर हिशेब सादर केला. या आकड्यावरून जनतेच्या कल्याणाविषयी निष्कर्ष काढता येणार नाही, असा इशाराही त्यांनी त्याच अहवालात दिला होता. पुढे तो हिशेब जगभर पोचला; इशारा मात्र मागे राहिला.

त्याच १९३४ साली वर्ध्यात एका संस्थेची स्थापना झाली आणि तिच्या कामाची सूत्रे एका हिशेबतपासनिसाने हाती घेतली. लंडनमध्ये शिकलेल्या आणि मुंबईत पेढी चालवलेल्या या गृहस्थांनी पुढची अनेक वर्षे घाणी, चूल, पोळे आणि शेणखत यांच्या अभ्यासात घालवली. त्यांचे नाव जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा. देशाच्या जमाखर्चात नेमके काय धरले जाते आणि काय गाळले जाते, हा त्यांच्या आयुष्याचा प्रश्न होता. प्रस्तुत घटकात आपण त्यांचे जीवन आणि विचार यांचा परिचय करून घेणार आहोत.

४.२ जीवनपट

४.२.१ तंजावर ते न्यूयॉर्क

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका सुशिक्षित तमिळ ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्या वेळी त्यांचे आडनाव कॉर्नेलियस असे होते. वडील सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस होते. घरात धर्मनिष्ठा आणि शिस्त होती. दीनदुबळ्यांना मदत करण्याचा संस्कार आईकडून मिळाला. शिक्षणासाठी ते लंडनला गेले, तेथे हिशेबतपासणीचे व्यावसायिक शिक्षण त्यांनी पूर्ण केले आणि काही काळ तेथेच काम केले. १९१९ मध्ये आईच्या आग्रहामुळे ते भारतात परतले आणि मुंबईत त्यांनी हिशेबतपासणीची पेढी सुरू केली. पोशाख, राहणी आणि आवडीनिवडी या सर्व बाबतींत ते त्या काळी पूर्णपणे पाश्चात्त्य वळणाचे होते. त्या काळातील राजकीय चळवळींशी त्यांचा संबंध नव्हता.

१९२७ मध्ये ते अमेरिकेस गेले. सिरॅक्यूज विद्यापीठातून व्यवसाय-व्यवस्थापनाची पदवी घेतल्यावर त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्तव्यवहाराचा अभ्यास सुरू केला. तेथे प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे त्यांचे मार्गदर्शक होते. एका चर्चमध्ये भारताच्या दारिद्र्यावर दिलेल्या व्याख्यानामुळे त्यांच्या अभ्यासाला दिशा मिळाली. त्या व्याख्यानाचा वृत्तांत वाचून सेलिग्मन यांनी त्यांना याच विषयावर प्रबंध लिहिण्यास सुचवले. ब्रिटिश सरकार कर कोणाकडून गोळा करते आणि तो कोणासाठी खर्च करते, याची कुमारप्पांनी तपासणी केली. गरीब शेतकऱ्याकडून आलेला पैसा लष्करावर, अधिकाऱ्यांच्या पगारांवर आणि कर्जाच्या व्याजावर खर्च होतो आणि तो शेतकऱ्याकडे परत येत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. दादाभाई नौरोजी यांनी संपत्तीच्या निःसारणाविषयी जे मांडले होते, त्याचाच प्रत्यय त्यांना सरकारी आकड्यांतून आला. परक्या सत्तेची खातेवही तपासताना हा हिशेबतपासनीस राष्ट्रवादी झाला.

४.२.२ साबरमती आणि मातर तालुका

१९२९ मध्ये भारतात परतल्यावर त्यांनी कॉर्नेलियस हे आडनाव सोडून कुमारप्पा हे आपल्या घराण्याचे जुने नाव धारण केले. प्रबंध प्रसिद्ध करण्याच्या दृष्टीने त्यांनी गांधीजींची भेट मागितली आणि मे महिन्यात ते साबरमतीच्या आश्रमात गेले. त्या भेटीची हकिकत प्रसिद्ध आहे. ठरलेल्या वेळेआधी ते पोचले, तेव्हा झाडाखाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक वृद्ध गृहस्थ सूत कातत बसले होते. कुमारप्पा विदेशी पोशाखात, हातातल्या काठीवर रेलून तेथेच वाट पाहत उभे राहिले. हेच गांधीजी, हे ध्यानात आल्यावर ते आपल्या कडक इस्त्रीच्या कपड्यांची पर्वा न करता जमिनीवर बसले. गांधीजींनी प्रबंध ‘यंग इंडिया’मधून क्रमशः प्रसिद्ध करण्याचे मान्य केले आणि गुजरातमधील खेड्यांची आर्थिक पाहणी करण्याचे काम त्यांच्यावर सोपवले.

या पाहणीसाठी खेडा जिल्ह्यातील मातर तालुका निवडला होता. गुजरात विद्यापीठाचे विद्यार्थी सोबत घेऊन कुमारप्पांनी १९२९-३० मध्ये ५४ गावांची पाहणी केली. त्या वेळी विद्यापीठाची धुरा काकासाहेब कालेलकर यांच्याकडे होती. कुमारप्पांना गुजराती भाषा येत नव्हती. खेडेही त्यांनी जवळून पाहिलेले नव्हते. तरीही घरोघरी जाऊन जमीन, पीक, जनावरे, कर्ज, सारा आणि घरखर्च यांची नोंद घेण्याची पद्धत त्यांनी बसवली. बहुसंख्य कुटुंबांची मिळकत पोटापुरतीही नाही आणि जमीनमहसूल मात्र त्या मिळकतीचा विचार न करता आकारला जातो, असे या पाहणीतून दिसून आले. भारतीय खेड्याच्या आर्थिक स्थितीच्या सुरुवातीच्या शास्त्रशुद्ध पाहण्यांत या अहवालाची गणना होते. कुमारप्पांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व आणखी एका कारणाने होते. देशाचा हिशेब वरून नव्हे, तर घरापासून मांडायचा असतो, हे त्यांना येथे उमगले.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना अटक झाल्यावर ‘यंग इंडिया’च्या संपादनाची जबाबदारी कुमारप्पांनी सांभाळली आणि त्यापायी कारावासही भोगला. १९३४ मध्ये बिहारमध्ये भूकंप झाला, तेव्हा मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे देण्यात आला. तेथे त्यांनी कार्यकर्त्यांच्या दैनिक भोजनखर्चाला इतकी काटेकोर मर्यादा घातली की, गांधीजींसमवेत आलेल्या मंडळींनाही तीतून सूट दिली नाही, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. जनतेच्या पैशाचा विश्वस्त कसा असावा, याचा हा वस्तुपाठच होता.

४.२.३ वर्ध्याची मगनवाडी

ऑक्टोबर १९३४ मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात ग्रामोद्योगांसाठी स्वतंत्र संस्था स्थापण्याचा ठराव झाला आणि ती उभारण्याचे काम कुमारप्पांकडे देण्यात आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी आपली बाग आणि बंगला संघाला दिला. गांधीजींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले. सेवाग्रामला जाण्यापूर्वी गांधीजींचा मुक्काम काही काळ येथेच होता.

मगनवाडीत सुधारित तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, ताडगूळ, मधमाशीपालन, हातकागद, साबण अशा अनेक उद्योगांवर प्रयोग झाले. खाद्यतेलावर जळणारा ‘मगनदीप’ हा कंदील आणि धूर कमी करणारी ‘मगनचूल’ ही तेथलीच निर्मिती. १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते ‘मगन संग्रहालय’ सुरू झाले; ते आजही वर्ध्यात आहे.

या प्रयोगांमागची आर्थिक दृष्टी समजून घेण्यासाठी तेलाचे उदाहरण पाहू. गावातील तेलबिया गावच्या घाण्यावर गाळल्या गेल्या, तर तेल गावात राहते, पेंड जनावरांना मिळते, जनावरांचे शेण जमिनीत जाते आणि तेल्याला काम मिळते. त्याच बिया शहरातील गिरणीत गेल्या, तर गिरणीची उलाढाल वाढते आणि देशाच्या उत्पन्नात तेवढी भर पडलेली दिसते. परंतु गावाने पेंड गमावली, खत गमावले आणि एका कुटुंबाची उपजीविका गमावली, याची नोंद त्या आकड्यात कोठेच होत नाही. तांदळाचेही तसेच. गिरणीत पॉलिश केलेला तांदूळ दिसायला पांढराशुभ्र असतो आणि अधिक काळ टिकतो. मात्र कोंड्याबरोबर त्यातील ‘ब’ जीवनसत्त्वाचा मोठा भाग निघून जातो. पॉलिशच्या तांदळावरच निर्वाह करणाऱ्यांना बेरीबेरी हा रोग जडतो. व्यवहारात उत्पन्न वाढलेले दिसते, पण ताटातले पोषण घटते. अशा वेळी समृद्धी वाढली म्हणायची की कमी झाली, हा कुमारप्पांचा प्रश्न होता.

१९३८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने औद्योगिक पाहणीसाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद त्यांना दिले. या समितीने सुमारे सहाशे खेड्यांची पाहणी केली. आजच्या विदर्भाचा भागही तेव्हा या प्रांतात होता. त्याच सुमारास जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती स्थापन झाली. कुमारप्पा तिचे सदस्य होते. परंतु मोठे यंत्रोद्योग हाच समितीच्या विचाराचा पाया असल्याचे दिसताच त्यांनी अल्पावधीत राजीनामा दिला.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
१) मातर तालुक्याच्या पाहणीतून कुमारप्पांना कोणती दृष्टी मिळाली?
२) गावातील घाणी आणि शहरातील गिरणी यांच्या उदाहरणातून काय स्पष्ट होते?

४.३ अर्थविचार

१९४२ नंतरच्या काळात कुमारप्पांना पुन्हा कारावास घडला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तके लिहिली. एक येशू ख्रिस्ताच्या आचारविचारांवरचे, तर दुसरे ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ म्हणजे टिकाऊपणाचे अर्थशास्त्र. ही दोन्ही पुस्तके १९४५ मध्ये गांधीजींच्या प्रस्तावनांसह प्रसिद्ध झाली. एकाच कोठडीत धर्म आणि अर्थ या दोन विषयांवर लेखन व्हावे, यात विसंगती नाही. मनुष्य कसा जगतो या प्रश्नापासून तो काय कमावतो हा प्रश्न वेगळा काढता येत नाही, अशी त्यांची धारणा होती.

त्यांच्या अर्थविचारातील तीन मुद्दे येथे लक्षात घेऊ.

(अ) अर्थव्यवस्थेचे पाच प्रकार : निसर्गातील व्यवहार पाहून त्यांनी अर्थव्यवस्थेच्या पाच पायऱ्या कल्पिल्या. वाघ भक्ष्याचा जीव घेऊन जगतो. ही परोपजीवी अवस्था होय. माकड आमराईतील फळे खाते, पण झाड लावण्यात त्याचा वाटा नसतो. ही लुटारू अवस्था. मधमाशी फुलातला मध घेते आणि त्याचवेळी परागीभवन घडवून आणते, म्हणजे घेतल्याच्या बदल्यात देते. ही उद्यमी अवस्था. तीच मधमाशी स्वतःपुरते न पाहता साऱ्या पोळ्यासाठी साठवण करते. ही समूहनिष्ठ अवस्था. पक्षीण मोबदल्याची अपेक्षा न ठेवता पिलांना भरवते. ही सेवेची अवस्था होय. मनुष्यसमाजाची प्रगती ही पहिल्या पायरीकडून पाचवीकडे व्हायला हवी. उत्पन्न किती वाढले, यापेक्षा ते कोणत्या पायरीवर उभे राहून मिळवले, हे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले.

(आ) साठा आणि प्रवाह : कोळसा, खनिज तेल, धातू हे निसर्गाचे साठे आहेत, वापरले की ते संपतात. पाणी, जपून तोडलेल्या वनातील लाकूड, पिके, जनावरांचे बळ हे प्रवाह आहेत. जपून वापरले तर ते पुन्हा पुन्हा मिळतात. साठ्यावर उभी राहिलेली अर्थव्यवस्था आज ना उद्या त्या साठ्याच्या मालकीसाठी संघर्षात उतरते, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहिला गेला. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर, भांडवल मोडून केलेला खर्च मिळकत म्हणून दाखवणे ही खोटी नोंद आहे. जंगल तोडून किंवा जमिनीचा कस संपवून मिळालेला पैसाही असाच भांडवलाचा भाग असतो.

(इ) राहणीमानाचे माप : गरजा आणि वस्तू वाढल्या म्हणजे राहणीमान उंचावले, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. उच्च आणि नीच या विशेषणांऐवजी गुंतागुंतीचे आणि साधे ही विशेषणे वापरावीत, असे त्यांनी सुचवले. एखाद्याचे घर वस्तूंनी भरलेले असूनही त्याचे जीवन हीन असू शकते. दुसऱ्याचे घर साधे असूनही त्याला सकस अन्न, आवडीचे काम, विश्रांती आणि शेजाऱ्यांचा जिव्हाळा लाभलेला असू शकतो. काम हे त्यांच्या मते केवळ मजुरी मिळवण्याचे साधन नव्हते. ज्या कामात बुद्धी आणि हात दोन्ही लागतात, ते काम माणसाला घडवते. म्हणून बेकारीमुळे मिळकत तर बुडतेच, शिवाय माणसाची वाढही खुंटते.

याच विचारातून त्यांनी समतोल शेतीची कल्पना मांडली. एखाद्या परिसरातील लोकांना पुरेसे धान्य, डाळी, भाज्या, दूध, तेल आणि कापूस मिळण्यासाठी किती जमीन कोणत्या पिकाखाली असावी, हे आधी ठरवावे. बाजारासाठीची पिके त्यानंतर घ्यावीत. तंबाखूने जास्त पैसा मिळतो एवढ्यावरून धान्याची जमीन तंबाखूखाली जाऊ नये, असे त्यांचे मत होते.

४.४ स्वातंत्र्योत्तर काळ

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसने नेमलेल्या कृषिसुधारणा समितीचे अध्यक्षपद कुमारप्पांकडे आले. समितीचा अहवाल १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यस्थांचे उच्चाटन, कसणाऱ्याकडे जमीन आणि जमीनधारणेवर मर्यादा या त्यातील मुख्य शिफारशी होत्या. कुटुंबाच्या निर्वाहाला पुरेल एवढ्या किफायतशीर धारणेच्या तिपटीहून अधिक जमीन कोणाकडे असू नये, असे समितीने सुचवले. यावरून, कुमारप्पांचे साधेपणाचे तत्त्वज्ञान गरिबांना आहे त्यात समाधान मानण्याचा उपदेश करणारे नव्हते, हे स्पष्ट होते. ज्यांच्याकडे अधिक आहे, त्यांनी ते सोडावे अशी त्यांची मागणी होती.

देशाने मात्र वेगळा मार्ग निवडला. पंचवार्षिक योजनांत मोठी धरणे, पोलाद कारखाने आणि अवजड उद्योग यांना अग्रस्थान मिळाले. कालच्या सहकाऱ्यांच्या सरकारवर कुमारप्पांनी कठोर टीका केली आणि ते हळूहळू एकाकी पडत गेले. वर्ध्याजवळील सेलडोह येथे आश्रम स्थापून त्यांनी शेतीचे प्रयोग केले. प्रकृती ढासळल्यावर ते तमिळनाडूतील मदुराईजवळच्या कल्लुपट्टी येथील गांधीनिकेतनात राहावयास गेले. ३० जानेवारी १९६० रोजी, म्हणजे गांधीजींच्या स्मृतिदिनीच, मद्रास येथे त्यांचे निधन झाले.

४.५ मूल्यमापन

कुमारप्पांच्या विचाराचे मोल जाणतानाच त्याच्या मर्यादाही पाहणे आवश्यक आहे. या संदर्भात एक तुलना उद्बोधक ठरते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हेही कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन यांचेच विद्यार्थी होते आणि त्यांनीही ब्रिटिश भारताच्या वित्तव्यवहाराचा मूलगामी अभ्यास केला होता. परंतु त्यांचे निष्कर्ष निराळे होते. १९१८ मध्ये लिहिलेल्या लहान शेतधारणांवरील निबंधात त्यांनी शेतीवरील अतिरिक्त भार कमी करण्यासाठी औद्योगिकीकरणाचा उपाय सांगितला. खेडे हे त्यांना अज्ञान, संकुचितपणा आणि जातिभेद यांचे आगर वाटत होते. गावचे उद्योग जातीने ठरवून दिलेले असतात आणि काही उद्योगांना कायमची अप्रतिष्ठा चिकटलेली असते. ज्याला गावात पाणवठाही मोकळा नाही, त्याला गावाच्या स्वयंपूर्णतेतून कोणती समृद्धी लाभणार? हा प्रश्न कुमारप्पांच्या अर्थविचाराच्या केंद्रस्थानी येत नाही. त्यांनी हातकामाला प्रतिष्ठा दिली, पण ते काम निवडण्याचे वा सोडण्याचे स्वातंत्र्य हाही समृद्धीचा भाग आहे, याची जाणीव आंबेडकरांच्या विचाराने करून दिली. या दोघांना परस्परांचे पूरक म्हणून वाचले, तर समृद्धीची कल्पना अधिक व्यापक होते.

यंत्रांविषयीची कुमारप्पांची भूमिकाही काही अभ्यासकांना एकांगी वाटते. वाढत्या लोकसंख्येच्या सर्व गरजा हातउद्योगांतून भागतील का, ही शंका रास्त आहे. तथापि प्रत्येक यंत्राला विचारावयाचा त्यांचा प्रश्न कालबाह्य झालेला नाही : यातून कोणाचे काम जाते, निसर्गाचे काय संपते आणि लाभ कोणाकडे पोचतो?

पुढच्या काळात हाच प्रश्न इतर दिशांनीही पुढे आला. ई. एफ. शूमाखर यांनी १९७३ मधील ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ या ग्रंथात कुमारप्पांच्या श्रमविषयक विचाराचा आधार घेतला. भूतानने राष्ट्रीय उत्पन्नाऐवजी राष्ट्रीय आनंदाची कल्पना पुढे आणली. १९९० मध्ये महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आणि अमर्त्य सेन यांच्या सहकार्याने मानवविकास अहवाल सुरू झाला आणि उत्पन्नाबरोबर आयुर्मान व शिक्षण यांचीही मोजणी होऊ लागली. हे सर्व प्रयत्न कुमारप्पांचा थेट वारसा नव्हेत. पण एकट्या पैशाच्या मापाने समृद्धी मोजता येत नाही, ही जाणीव त्यांना परस्परांशी जोडते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
१) साठा आणि प्रवाह यांतील भेद आपल्या परिसरातील उदाहरणे देऊन लिहा.
२) खेड्याविषयी कुमारप्पा आणि आंबेडकर यांच्या दृष्टिकोनांत कोणता फरक आहे?

४.६ समारोप

कुमारप्पांनी हिशेबतपासनिसाचा पेशा सोडला असे आपण म्हणतो. वस्तुतः त्यांनी तो अधिक व्यापक केला. व्यापाऱ्यांच्या वह्या तपासणारे कुमारप्पा पुढे साम्राज्याची, नंतर खेड्याची आणि अखेर स्वतंत्र देशाची वही तपासू लागले. प्रत्येक वहीत त्यांना गाळलेल्या नोंदी आढळल्या : जमिनीचा कस, अन्नातील पोषण, कामातील समाधान, पुढच्या पिढीचा वाटा. या नोंदी धरल्याखेरीज जमाखर्च पूर्ण होत नाही, हे त्यांनी आयुष्यभर सांगितले आणि त्यासाठी पेढी, सुखवस्तू जीवन आणि अखेरीस सत्तेतील मित्रांची जवळीकही गमावली. त्यांनी सुचवलेले सर्व उपाय आज स्वीकारता येतीलच असे नाही. पण आपल्या गावाचा, घराचा आणि देशाचा हिशेब पाहताना त्यांची तपासणी उपयोगी पडते.

शब्दार्थ
निःसारण – वाहून जाणे, बाहेर जाणे.
सारा – जमिनीवरील सरकारी कर.
धारणा – (येथे) एका कुटुंबाच्या ताब्यातील शेतजमीन.
मूलगामी – मुळापर्यंत जाणारा.

स्वाध्याय
१) कुमारप्पांच्या जीवनातील हिशेबतपासणीचा धागा त्यांच्या अर्थविचारात कसा आढळतो, ते सविस्तर लिहा.
२) अर्थव्यवस्थेच्या पाच प्रकारांचा परिचय करून द्या.
३) आपल्या गावातील किंवा वस्तीतील गेल्या वीस वर्षांतील एखादा बदल निवडा. त्यामुळे पैशात काय वाढले आणि पैशात न मोजता येणारे काय वाढले किंवा घटले, याची नोंद करून ३०० शब्दांत लेख लिहा.